दर सोमवारी सुरू, गुरुवारी बंद: आईपणात व्यायाम टिकवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय: वय 38, दोन मुलं, नोकरी. दर सोमवारी चालायला सुरुवात करता आणि गुरुवारपर्यंत ते बंद पडतं. घरचे म्हणतात, तुझ्यात जिद्द नाही. बाकीच्या आयांना कसं जमतं?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज स्वयंपाक करतानाही तोच डोक्यात होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी 44 वर्षांची. पुण्यात सहकारनगरला राहते. घरी नवरा, सासूबाई, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. एका पतसंस्थेत नोकरी. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाबद्दल जे येईल ते माझ्या बाबतीत काय झालं एवढंच धरा. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

सगळ्यात आधी एक सांगते. चालायचे बूट घ्यायच्या आधी रक्त तपासून घ्या. मी हे तीन वर्षं केलं नाही, आणि त्या तीन वर्षांचं मला अजून वाईट वाटतं.

माझंही अगदी तुमच्यासारखंच चाललं होतं. सोमवारी गजर लावून उठायचं, तळजाईच्या टेकडीवर जायचं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग असं जड व्हायचं की पाय जमिनीवर ठेववत नसे. मग आठवडाभर काही नाही. मी स्वतःला आळशी म्हणायचे. नवराही एकदोनदा म्हणाला, मला ते लागलं, पण पटलंही. मग एका रविवारी मुलगी म्हणाली, आई, पर्वतीवर जाऊ या. पर्वतीच्या टेकडीला 103 पायऱ्या आहेत, रुंद आणि सोप्या. पहाटे तिथे सत्तरीचे आजोबा दोन-दोनदा चढून येतात. मी निम्म्यावरही पोचले नव्हते, तोच छाती धडधडायला लागली. कानात ठोके ऐकू येत होते. कडेच्या भिंतीला हात टेकून उभी राहिले. मुलगी वर पोचली होती, मागे वळून पाहिलं आणि धावत खाली आली. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, तुझी नखं पांढरी का दिसतायत?"

ती तेव्हा अकरा वर्षांची होती. जे तिला दिसलं ते मला रोज भांडी घासताना दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तपासणी केली. हिमोग्लोबिन 8.4. शरीरात लोहाचा साठा किती आहे ते फेरिटिन या तपासणीत कळतं, ते 6 निघालं, म्हणजे साठा जवळजवळ संपलेला. बायकांमध्ये हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. डॉक्टरबाईंनी विचारलं, "बर्फ खावासा वाटतो का? कच्चे तांदूळ?" मी गप्पच झाले. तांदूळ निवडताना मूठभर तोंडात टाकायची मला सवय लागली होती आणि फ्रीजमधला बर्फ मी कडाकडा चावायचे. ती लोहाच्या कमतरतेची खूण असते हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. केस गळणं, दोन जिने चढून धाप लागणं, दुपारी चारला डोळ्यांसमोर अंधारी येणं, ही सगळी एकाच दुखण्याची तोंडं होती.

आपल्याकडे हे किती सर्रास आहे बघा. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, शाळेच्या गेटपाशी ज्या आया दिसतात त्यांतल्या कितीतरी जणी असंच अंग ओढत चालल्या असतील आणि त्यांनाही घरी कुणीतरी जिद्दीचा हिशेब विचारत असेल. मला याचा राग येतो.

माझ्या बाबतीत कारण होतं पाळीतला जास्त रक्तस्राव. पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागायचं. मावशी, काकू, जाऊ, सगळ्या म्हणायच्या, चाळिशी आली की असं होतंच. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली. लहान होती, गोळ्यांवर भागलं. पण नुसत्या लोहाच्या गोळ्या घेत राहिले असते तर भांड्याला भोक तसंच ठेवून पाणी ओतल्यासारखं झालं असतं. म्हणून पाळी जास्त जात असेल तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

गोळ्यांचंही एक सांगते, कारण पहिला महिना मी वाया घालवला. मी गोळी सकाळच्या चहा-पोळीबरोबर घ्यायचे. चहामुळे लोह अंगी लागत नाही. दूध आणि कॅल्शियमच्या गोळीचंही तसंच. मग वेळ बदलली. उठल्यावर रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर गोळी आणि चहा दीड-दोन तासांनी, बसमधून उतरल्यावर ऑफिसात. पोट बिघडायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी एक दिवसाआड घ्यायला सांगितली. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात, तेही विचारून घ्या. आणि हिमोग्लोबिन 12 वर आलं म्हणून लगेच थांबू नका. साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात.

आमच्या आईनं लगेच अळिवाचे लाडू पाठवले, सासूबाईंनी बीट, खजूर, गूळ सुरू केलं. मी सगळं प्रेमानं खाल्लं. पण साठा एवढा रिकामा झाल्यावर नुसत्या खाण्यानं 8 चे 12 होत नाहीत, गोळी लागतेच. पुढे ते टिकवायला मात्र खाणं कामाला येतं. आता आमच्याकडे आठवड्यातून तीनदा मोडाची मटकी किंवा चवळीची उसळ असते आणि मी वरून लिंबू पिळतेच, कारण आंबटामुळे लोह जास्त शोषलं जातं. आणि सगळ्यांना वाढून उरलं सुरलं खायचं मी बंद केलं. उसळीचं पातेलं रिकामं व्हायच्या आधी माझी वाटी भरून बाजूला ठेवते. पहिल्यांदा अपराधी वाटलं. आता मुलगाच ती वाटी भरून ठेवतो.

एक गंमत नव्हे, महत्त्वाची गोष्ट. त्याच वेळी माझी तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, 5.9 आली होती. 5.7 ते 6.4 ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पायरी, त्यामुळे मी हादरले. डॉक्टर म्हणाल्या, लोह कमी असताना हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो, आधी लोह भरून काढू. सहा महिन्यांनी तो 5.6 आला. तेव्हा एका रिपोर्टवरून स्वतःला घाबरवून घेऊ नका आणि भात तडकाफडकी सोडूनही देऊ नका.

दोन महिन्यांनी मी पर्वती न थांबता चढले. वर देवळापाशी बसून रडले. तीन वर्षं ज्याला मी आळस म्हणत होते तो आळस नव्हताच.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. रक्त सुधारल्यावर तरी व्यायाम सलग झाला का? नाही झाला. बरं वाटायला लागलं तसा मला चेव चढला आणि मी रोज तळजाईवर पाच-सहा किलोमीटर चालायला लागले, जुन्याच सपाट चपला घालून. महिन्याभरात टाच धरली. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं, दहा पावलांनी कमी व्हायचं. ते दुखणं टाचेखालच्या पडद्याचं असतं. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणणं, गोठवलेली पाण्याची बाटली तळपायाखाली फिरवणं आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर अनवाणी उभं न राहणं, एवढ्यावर अडीच महिन्यांत उतरलं. तेवढे दिवस चालणं बंद.

आणि ते सुरू होतंय तोवर जूनमध्ये सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पुढचे चार महिने मी, नवरा आणि वॉकर. टेकडी कुठली आणि बूट कुठले! पण माझा खरा व्यायाम त्याच चार महिन्यांत सुरू झाला.

घरी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. तिनं आईंना, म्हणजे सासूबाईंना, खुर्चीवरून उठायला शिकवलं. खुर्ची भिंतीला टेकवायची, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची, पुढे झुकायचं आणि उठायचं. आधी हातांचा आधार घेऊन, मग हात छातीशी बांधून. बसताना धपकन बसायचं नाही, सावकाश. आईंना भीती वाटायची. पहिल्या दिवशी त्या दोनदा उठल्या आणि डोळे मिटून बसून राहिल्या. मी म्हटलं, आई, मी पण तुमच्याबरोबर करते. स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. त्या मोजायच्या, "एक... दोन...", मी उठायचे-बसायचे. सातव्या वेळी माझ्याच मांड्या थरथरायला लागल्या. चाळीस वर्षं मांडी घालून जेवणाऱ्या, जमिनीवर बसून भाजी निवडणाऱ्या माझ्या आईच्या पायांत जे बळ होतं ते खुर्ची-सोफ्यावर वाढलेल्या माझ्या पायांत नव्हतं. दिवाळीपर्यंत आई काठी घेऊन गॅलरीत जायला लागल्या आणि मी पंधराच्या तीन फेऱ्या करायला लागले. घराबाहेर पाऊलही न टाकता.

तेव्हापासून मी व्यायाम दोन भागांत ठेवलाय. दिवस चांगला असेल तर टेकडी, चाळीस मिनिटं. दिवस वाईट असेल तर खुर्ची, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. वाईट दिवस म्हणजे मुलाला ताप, मार्चअखेरीचं ऑफिस, घरी पाहुणे, पाळीचा पहिला दिवस. असे दिवस महिन्यात दहा-बारा येतातच. ज्या घरात लहान आणि म्हातारी दोन्ही माणसं आहेत तिथे ते येणारच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये सुधारलेल्या शिफारशींत आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचं बळ वाढवणारा व्यायाम सांगितलाय. पण सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अट त्यात काढून टाकली आहे. पाच मिनिटंही धरली जातात. हे वाचलं तेव्हा मला फार हायसं वाटलं. रात्री जेवणानंतर मुलाबरोबर सोसायटीत दोन चकरा मारते, त्याही त्यात आल्या. जेवणानंतर चाललं की साखर एकदम उसळत नाही, हा वेगळा फायदा.

घरच्यांबद्दल. हे तुमच्या हातात पूर्ण नाही हे मला कळतं. आमच्याकडे रिपोर्ट नवऱ्याच्या हातात दिला आणि सोपं करून सांगितलं: मला सकाळी सहा ते पावणेसात हवेत, डबे तुम्ही भरायचे. भाजी मी रात्री करून ठेवते, पोळ्यांना आता बाई आहेत. पहिले पंधरा दिवस डब्यात चमचे राहिले, चटणी राहिली. मी काही बोलले नाही आणि परत हातातही घेतलं नाही. तेवढं मात्र नेटानं करावं लागलं. "जिद्द नाही" म्हणणाऱ्यांना एकदा तुमच्या दिवसातले तास कागदावर लिहून दाखवा, भांडण न करता.

उपवासांचंही सांगून टाकते. श्रावणी सोमवार आणि नवरात्र मी करते, माझी श्रद्धा आहे. पण दिवसभर चहा आणि संध्याकाळी साबुदाणा खिचडी असं केलं की दुसऱ्या दिवशी मी आडवी होते. आता वरईचा भात, दाण्याची आमटी, ताक आणि एखादं फळ असं वेळेवर खाते. नवरात्रात नऊ दिवस जड व्यायाम करत नाही, नुसती चालते.

वजन तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. माझं 71 होतं, 66 झालं, आईंच्या आजारपणात परत 69. आज 67 आहे. मी वजनकाटा माळ्यावर टाकला नाही, पण महिन्यातून एकदाच बघते. हिमोग्लोबिन मात्र दर सहा महिन्यांनी. मागच्या वेळी 12.6 होतं.

सध्या मुलीची प्रिलिम चालू आहे. ती पहाटे चारला उठते, म्हणून मीही उठते, त्यामुळे अकरा दिवसांत टेकडी झालेली नाही. आज सकाळी डाळ-भाताचा कुकर लावला आणि स्टूल ओढलं. आई देवपूजा अर्धी टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मोजायला लागल्या. बारा झाले, मग दूध उतू जाईल म्हणून उठले.

या आठवड्यात सीबीसी (रक्ताची साधी तपासणी, हिमोग्लोबिन त्यातच कळतं) आणि फेरिटिन करून घ्या. आकडे आले की इथेच लिहा, मी वाट बघतेय.