थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स हा साठच्या दशकातला अमेरिकन बँड इतका महत्त्वाचा मानतात, मग तो चारच वर्षांत का संपला?

तुम्ही विचारलंय की सायकेडेलिक रॉकच्या, म्हणजे नशेतल्या भासांसारख्या रॉक संगीताच्या, प्रत्येक यादीत हे नाव दिसतं, मग यांची गाणी फारशी कुणी ऐकलेली का नसतात, आणि बँड इतक्या लवकर बुडाला कसा. ‘ड्रग्जमुळे बुडाला’ हे उत्तर सगळीकडे मिळेल. खोटं नाही, पण माझ्या मते अर्धवट आहे. टेक्सासचा तेव्हाचा कायदा आणि तिथली सरकारी इस्पितळं यांचा वाटा त्यात जास्त मोठा.

1965 च्या अखेरीस टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात हा बँड जमला. गायक रोकी एरिक्सन तेव्हा जेमतेम अठराचा. गिटारवर स्टेसी सदरलंड, ड्रम्सवर जॉन आइक वॉल्टन. आणि टॉमी हॉल, म्हणजे बँडचा मेंदू म्हणा किंवा बुवा म्हणा. याला रूढ अर्थानं कुठलंच वाद्य येत नव्हतं. त्यानं भाजलेल्या मातीचा ‘जग’ (सुरईसारखं भांडं) हातात घेतला, त्याच्या तोंडाशी माइक धरला आणि त्यात तोंडानं भराभर आवाज काढायला लागला. ‘यू आर गॉना मिस मी’ हे त्यांचं गाणं लावा. गिटारच्या मागे कुणीतरी पाण्यातून बडबडतंय असा टुकूटुकू आवाज सतत चालू असतो, तो टॉमी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला रेकॉर्ड खराब आहे असं वाटतं. त्यावर रोकीची किंकाळी येते आणि मग त्या भांड्याचा विचार करायला सवड राहत नाही.

हे गाणं 1966 मध्ये बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत 55 व्या क्रमांकापर्यंत गेलं. यांचं एवढंच काय ते व्यावसायिक यश. त्याच वर्षी ‘द सायकेडेलिक साउंड्स ऑफ द थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स’ हा पहिला अल्बम आला. ‘सायकेडेलिक’ हा शब्द नावातच मिरवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या रॉक अल्बमांपैकी तो एक. मधले काही महिने सॅन फ्रान्सिस्कोत जाऊनही ते वाजवून आले.

टॉमीचं म्हणणं असं, की एलएसडी हे भास घडवणारं ड्रग घेऊनच हे संगीत वाजवायचं. ती मौज नव्हे, साधना आहे. पहिल्या अल्बमच्या मागच्या बाजूला त्यानं याचं तत्त्वज्ञानच छापलंय. मला ते वाचताना कीर्तनात घुसलेल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याची आठवण येते. पण बहुतेक गाण्यांचे शब्द त्याच्याच डोक्यातून येत होते, आणि 1967 च्या ‘ईस्टर एव्हरीव्हेअर’ या दुसऱ्या अल्बममधलं ‘स्लिप इनसाइड धिस हाउस’ हे आठ मिनिटांचं गाणं ऐकल्यावर त्याला हसायची माझी तरी हिंमत होत नाही. जॉन आइक मात्र वैतागला होता. त्याला एलएसडीही नको होतं आणि रेकॉर्ड कंपनीचा कारभारही पटत नव्हता. हा अल्बम येण्याआधीच तो बाहेर पडला.

कंपनी होती ह्यूस्टनची इंटरनॅशनल आर्टिस्ट्स. तिचा एकच किस्सा पुरे. 1968 मध्ये तिनं ‘लाइव्ह’ नावाचा अल्बम काढला. त्यात लाइव्ह काहीच नाही. स्टुडिओत पडून राहिलेल्या टेप्सवर टाळ्या आणि आरडाओरडा चिकटवलाय.

आता पोलीस. बँड जमून काही आठवडेच झाले होते, तोवर 1966 च्या जानेवारीत त्यांच्यावर पहिली धाड पडली. लांब केसांची, उघडपणे नशेची भलामण करणारी ही पोरं टेक्सासच्या पोलिसांच्या डोळ्यांत सलत होतीच, आणि तिथे तेव्हा जरासा गांजा सापडला तरी वर्षानुवर्षं तुरुंगात जावं लागे. 1969 मध्ये रोकी एका गांजाच्या सिगारेटसह पकडला गेला. तुरुंग टाळायचा म्हणून वेडसरपणाचा बचाव घेतला. त्याची मानसिक स्थिती आधीच बिघडली होती, स्किझोफ्रेनियाचं निदान झालं होतं, हे खरं. पण ऑस्टिनच्या इस्पितळातून तो पळाला म्हणून त्याची रवानगी रस्क इथे झाली, गुन्हेगार मनोरुग्णांसाठीच्या सरकारी इस्पितळात. खून करून आलेल्यांच्या सोबतीला हा, एका सिगारेटपायी. 1972 मध्ये सुटला. तोवर बँड केव्हाच संपला होता. 1969 चा शेवटचा अल्बम ‘बुल ऑफ द वूड्स’ बहुतांशी सदरलंडनं ओढून नेला. त्याला 1978 मध्ये राहत्या घरी बायकोच्या हातून गोळी लागली, त्यात तो गेला.

रोकीनं पुढे भुताखेतांवर आणि दोन डोक्यांच्या कुत्र्यावर जबरदस्त गाणी केली. 1982 मध्ये तर आपल्या शरीरात मंगळावरचा जीव राहतोय असं रीतसर प्रतिज्ञापत्र केलं. नंतर कित्येक वर्षं तो घरातले रेडिओ आणि टीव्ही एकदम मोठ्या आवाजात लावून बसायचा. 2001 मध्ये त्याचा धाकटा भाऊ समनर, जो पिट्सबर्गच्या सिम्फनीत ट्यूबा वाजवायचा, त्याचा कायदेशीर पालक झाला आणि नीट उपचार सुरू झाले. रोकी पुन्हा स्टेजवर आला. 2015 मध्ये ऑस्टिनच्या लेव्हिटेशन महोत्सवात हयात एलिव्हेटर्स एकत्र वाजलेसुद्धा. महोत्सवाचं नावच यांच्या गाण्यावरून घेतलेलं. 2019 मध्ये रोकी गेला.

वारसा म्हणाल तर 1990 मध्ये रोकीच्या गाण्यांचा जो गौरव-अल्बम निघाला, त्यात आर.ई.एम. आणि झीझी टॉप हे नामांकित अमेरिकन बँड दोघंही आहेत. झीझी टॉपच्या बिली गिबन्सनं तर आपल्या आधीच्या बँडचं नाव ‘मूव्हिंग साइडवॉक्स’ ठेवलं होतं. हे लिफ्ट, तर आम्ही सरकता फुटपाथ! प्रायमल स्क्रीम या ब्रिटिश बँडनं ‘स्लिप इनसाइड धिस हाउस’ आपल्या 1991 च्या ‘स्क्रीमाडेलिका’ अल्बमवर घेतलं.

ऐकायचं असेल तर पहिला अल्बम मोनोमध्ये शोधा, स्टिरिओपेक्षा तो कितीतरी ठसठशीत वाजतो. मग ‘ईस्टर एव्हरीव्हेअर’, तेही सलग. ‘लाइव्ह’च्या वाटेला जाऊ नका.