पॉलिसीचे 11 दिवस उरलेत, फंडाचं नंतर बघू

या वेळचं पत्र मालवणजवळच्या एका मुलाचं आहे. वय 27, हॉटेल मॅनेजमेंट केलंय, चार वर्षं गोव्यात एका रिसॉर्टला होता. गेल्या नोव्हेंबरात फिनलंडच्या लॅपलंडमधे गेला, इव्हालो एअरपोर्टच्या पुढे जंगलात काचेच्या इग्लूंचा कॅम्प आहे तिथे. पाच महिने ब्रेकफास्ट लावणं, इग्लू साफ करणं, पाहुण्यांना थर्मल सूट चढवून देणं, मधल्या वाटेवरचा बर्फ काढणं असं सगळं केलं आणि एप्रिलमधे परत आला. हातात 3.5 लाख शिल्लक होते. त्यातले 1.5 लाख "मामांच्या ओळखीतून एका चांगल्या गॅरंटीड प्लॅनमधे टाकलेत, पेपर 19 दिवसांपूर्वी आले", उरले 2 लाख. त्याचा प्रश्न एवढाच आहे की सर, हे 2 लाख म्युच्युअल फंडात एकदम टाकू का दर महिन्याला थोडे थोडे, म्हणजे एसआयपी करू, पाच वर्षांत घराशेजारी 40 लाखांचा होमस्टे बांधायचाय. कॅम्पवाल्यांनी पुढच्या सीझनला परत बोलावलंय, पण ज्या एजंटने पाठवलं तो परमिटच्या रिन्यूअलचे सव्वा लाख मागतोय, तेही देऊ का असं शेवटी सहज विचारलंय.

वयाने तू माझ्या भाच्याएवढा, म्हणून अरेतुरे करतो. पत्र मी तीनदा वाचलं. फंडाबद्दल तू सहा ओळी लिहिल्यास आणि ज्या दोन गोष्टींनी तुझं खरं नुकसान होतंय त्या जाता जाता एकेका वाक्यात सांगून टाकल्यास. म्हणून फंडाचं शेवटी, आधी पॉलिसी, कारण तिथे घड्याळ चालू आहे.

आयुर्विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांच्या आत परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात. पूर्वी ऑफलाइन पॉलिसीला 15 दिवस मिळायचे, 2024 पासून सरसकट 30 केलेत. तुझे 19 गेले. पीडीएफ ईमेलवर आधी आली असेल तर दिवस तिथून मोजतील, तेव्हा आजच मेल काढून तारीख बघ. मग कंपनीच्या ग्राहकसेवेला ईमेल टाक आणि उद्या सकाळी शाखेत जाऊन फ्री लूक कॅन्सलेशनचा अर्ज दे, पोच घे, शिक्का आणि तारीख असलेली. मामांच्या ओळखीतला माणूस म्हणेल माझ्याकडे दे मी करतो, त्याच्याकडे अजिबात देऊ नको. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे थोडे पैसे कापून बाकीचे परत मिळतात. 31 व्या दिवशी हा रस्ता बंद.

का म्हणतोय ते बघ. तू लिहिलंयस की वर्षाला 1.5 लाख, 10 वर्षं भरायचे आणि 20 व्या वर्षी 33 लाख मिळणार, "म्हणजे डबलपेक्षा जास्त". 20 वर्षांत डबल होणं म्हणजे काही होणं नाही रे. मी हिशेब केला, वर्षाला साधारण 5.2 टक्के पडतात. तेच 1.5 लाख तू 10 वर्षं पोस्टात पीपीएफला भरलेस आणि पुढची 10 वर्षं खातं नुसतं चालू ठेवलंस तर आजच्या 7.1 टक्क्यांनी साधारण 44 लाख होतात. 11 लाखांचा फरक आहे, आणि तोही सरकारी खात्यात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पीपीएफला एखादं वर्ष वाईट गेलं तर 500 रुपये भरून खातं जिवंत राहतं. तुझ्या पॉलिसीत पुढच्या वर्षी 1.5 लाख आले नाहीत की पॉलिसी लॅप्स, आणि सुरुवातीलाच सोडलीस तर भरलेल्यातला मोठा हिस्सा गेला. ज्याला पगार पाचच महिने असतो, त्याला 10 वर्षांचा बांधील हप्ता विकणाऱ्या माणसाने तुझं उत्पन्न विचारलंच नाही, त्याने फक्त 'युरो' ऐकलं. मला याचा मनापासून राग येतो. बर्फात उणे 30 डिग्रीत उभं राहून मिळवलेला पैसा आहे हा. विमा हवा असेल, आणि आईबाबा तुझ्यावर आहेत म्हणजे हवाच, तर 50 लाखांचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे तुला काही झालं तरच घरच्यांना पैसे देणारा नुसता विमा, तुझ्या वयाला वर्षाला दहा हजारांच्या आत बसतो. मामांना वाईट वाटेल असंही लिहिलंयस. वाटू दे, गणपतीत भेटशील तेव्हा बोलून घे, 15 लाखांची बांधिलकी भिडेखातर घेत नाहीत.

आता एजंट. सीझन फायद्यात गेला असं तू धरून चाललायस, पण तसं झालेलं नाही. युरो 100 रुपये धरू, हिशेब सोपा जातो. तुझा पगार सरासरी महिन्याला 1,950 युरो. त्यातनं टॅक्स साधारण 500, पेन्शन वगैरेचे 150, खात्यात आले 1,300. स्टाफ रूमचं भाडं, जेवण, फोन मिळून 600, उरले 700. पाच महिन्यांचे 3,500 युरो, म्हणजे तुझे 3.5 लाख, बरोबर आहे. पण जाताना एजंटला 3.5 लाख आणि तिकीट, परमिट, इन्शुरन्स, कपडे मिळून 1.2 लाख असे 4.7 लाख तू उचललेस, 2 लाख आईच्या दागिन्यांवर आणि 2.7 लाख पतसंस्थेतून 14 टक्क्यांनी. 3.5 मिळवले, 4.7 देणं आहे. व्याज सोडून सुद्धा तू 1.2 लाख मागे आहेस, शिवाय गोव्याचा पगार बुडाला तो वेगळाच. आणि ते कर्ज तसंच ठेवून 5.2 टक्क्यांच्या प्लॅनमधे पैसे टाकलेस, इकडे पतसंस्था 14 घेतेय!

एजंटला दिलेला पैसा द्यायलाच नको होता. परदेशी नोकरी लावून देणारा एजंट भारत सरकारकडे नोंदलेला लागतो, ई-मायग्रेट पोर्टलवर नाव शोधता येतं, आणि तो उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. तिकडे फिनलंडमधे तर नोकरी शोधणाऱ्याकडून फी घेणं कायद्यानेच बंद आहे. तुझ्याकडून याच्या जवळपास दहापट घेतलेत, त्यातले 2 लाख रोख. व्हॉट्सअॅप मेसेज, बँक ट्रान्सफरचे स्क्रीनशॉट, जे असेल ते जमव आणि पोर्टलवर तक्रार टाक, मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचं सरकारी ऑफिस आहे तिथेही जाता येईल. पैसे परत येतील अशी आशा धरून पुढचं प्लॅनिंग मात्र करू नको.

आणि रिन्यूअल नावाची काही भानगड नाहीये. कॅम्पने तुला स्वतः परत बोलावलंय, कॉन्ट्रॅक्ट त्यांच्याकडून येणार, अर्ज एंटर फिनलंड या साइटवर तू स्वतः भरायचास आणि मग कागद आणि बोटांचे ठसे द्यायला जायचं. सव्वा लाख कशाचे मग? तोच माणूस "चार सीझन केलेस की पीआर", म्हणजे कायमचं राहायचा परवाना, म्हणाला असं लिहिलंयस, तेही खोटं. सीझनल परमिट 12 महिन्यांत जास्तीत जास्त 9 महिन्यांचं असतं आणि असे सीझनचे तुकडे जोडून तिथे कायमचं राहता येत नाही.

कॉन्ट्रॅक्टबद्दल एक. तिकडच्या हॉटेल लाइनमधे फुल टाइम म्हणजे तीन आठवड्यांत 112.5 तास. तुझ्या कागदावर "0 ते 112.5" लिहिलं होतं, म्हणूनच जानेवारीत ख्रिसमसची गर्दी ओसरली तसे तुझे तास निम्म्यावर आले, खोलीचं भाडं मात्र पूर्ण. या वेळी सही करायच्या आधी किमान तास किती ते लिहून माग, निदान 90. तुझ्यासारखा एक सीझन काढलेला, कामोसच्या अंधारात, सूर्यच उगवत नाही अशा दिवसांतही टिकलेला माणूस त्यांनाही हवाय, मागायला लाजू नको. आणि पगाराच्या स्लिपा काढून बघ, रविवारच्या तासांना तिथे दुप्पट पैसे असतात, ते धरलेत का.

टॅक्सचं तर तुला कोणी सांगितलेलंच दिसत नाही. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलास म्हणून महिन्याचे 510 युरो वजा करून उरलेल्यावर सरसकट 35 टक्के कापलेत. पण भारताशी त्यांचा टॅक्स करार आहे, आणि अशा देशातल्या माणसाला त्यांच्या टॅक्स खात्याकडे, वेरोकडे, प्रोग्रेसिव्ह पद्धतीने, म्हणजे उत्पन्न कमी तर दरही कमी असा, टॅक्स लावा असा अर्ज करता येतो. वर्षाला दहा हजार युरोच्या आतल्या उत्पन्नाला तो बराच कमी बसतो, तुझ्या पगारावर हजार-दीड हजार युरो वाचू शकतात. पुढच्या वेळी टॅक्स कार्ड काढतानाच माग, आणि झालेल्या सीझनसाठीही वेरोला लिही. एवढ्या एका अर्जाला तुझ्या दोन महिन्यांच्या बचतीची किंमत आहे.

इकडचंही बघ. "एनआरआय झालास, टॅक्स नाही" हे पॉलिसीवाल्याचं वाक्य चूक आहे. जायच्या आधी एप्रिल ते नोव्हेंबर तू इथेच होतास, 182 दिवसांच्या वर भारतात राहिलास म्हणजे इन्कम टॅक्सला तू रेसिडेंट, तिकडचा पगार इथे दाखवावा लागतो. 12 लाखांच्या आत आहेस म्हणून नवीन पद्धतीत टॅक्स लागणार नाही, पण रिटर्न भर, त्यात फिनलंडचं बँक खातं दाखव, लपवू नको. 'सहज' नावाचा साधा रिटर्न फॉर्म चालत नाही, हजार-दोन हजार देऊन सीएकडून करून घे.

तर आता हातातलं वाटप. पॉलिसीचे परत आले की जवळपास 3.5 लाख होतात. 1.2 लाख पुढच्या तिकिटा-परमिटाला बाजूला, सेव्हिंग खात्यातच. 50 हजार घरखर्चाला. सोन्यावरच्या कर्जाची मुदत ऑक्टोबरात संपतेय, त्याचं 20 हजार व्याज भरून रिन्यू कर. उरलेले 1.6 लाख सरळ पतसंस्थेत भर आणि हप्ता कमी करून माग, बाबा दर महिन्याला 9,200 ओढतायत ते थांबलं पाहिजे. आईचे दागिने आधी सोडवावे असं तुला वाटणार, मलाही वाटलं, पण 14 टक्के आधी. पुढचा सीझन एजंटशिवाय केलास तर पुढच्या एप्रिलमधे पतसंस्था मिटेल आणि दागिने घरी येतील.

मधल्या सात महिन्यांचा प्रश्न मला फंडापेक्षा मोठा वाटतो. गोवा आणि लॅपलंड दोन्हींचा सीझन एकाच वेळी असतो, ख्रिसमसला दोन्हीकडे माणसं हवीत आणि तू परत येतोस तेव्हा पाऊस तोंडावर, गोव्यात कोणी घेत नाही. म्हणून उलटा सीझन शोध. लेह, नुब्रा, पँगाँगकडचे टेंट कॅम्प मे ते सप्टेंबर चालतात, थंडीत आणि आडरानात काम केलेला हॉटेलवाला त्यांना सोन्यासारखा. राहणं-खाणं त्यांचं असेल तर 25 हजार पगाराचे वीस वाचतील, या वर्षी मे चाललाय तरी आज फोन लावलास तर तीन-साडेतीन महिने मिळू शकतात.

होमस्टे जरूर कर, पण 40 लाख पाच वर्षांत म्हणजे वर्षाला 8, आणि तुझी बचत आज 2-3 आहे. कर्ज काढून इमारत उभी करू नको. तू लिहिलंयस मागच्या दोन खोल्या रिकाम्या असतात. कर्ज फिटलं की तीन-चार लाखांत त्या नीट कर, बाथरूम चांगलं कर, पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदव. मालवणात मे महिन्याची गर्दी असते, त्या वर्षी लेहला मे संपल्यावर जा, तो मे त्या दोन खोल्यांवर चालवून बघ आणि मग तिसऱ्या खोलीचं मला लिही.

आणि हो, फंड. कर्ज संपेपर्यंत एक रुपयाही नको, एकदम नाही आणि एसआयपीही नाही. पण आधी तो मेल टाक.