मुलीला गुन्हेगारीशास्त्र शिकायचे आहे

आपल्या मुलीने विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र आणि समाजशास्त्र हे विषय घेण्याचे ठरवले असून “हे शिकून पुढे करणार काय, पोलिसांत जाणार का?” यावरून घरात रोज वाद होतो, असे आपण कळवले आहे. आपली शंका रास्त आहे. मात्र आधी एक गोष्ट तिच्याशी बोलून घ्यावी. गुन्हेगारीशास्त्र म्हणजे गुन्हे का घडतात आणि समाज त्यांना कसा सामोरा जातो याचा अभ्यास. रक्ताचे नमुने आणि बोटांचे ठसे तपासणे हे त्याचे नव्हे, तर फॉरेन्सिक सायन्सचे काम असून त्याचा पाया रसायनशास्त्र व जीवशास्त्र हा आहे. मालिकांमधली प्रयोगशाळा तिच्या डोळ्यांसमोर असेल, तर अर्ज भरण्यापूर्वीच तिचा गैरसमज दूर झालेला बरा.

हे दोन विषय एकत्र का शिकवले जातात, हेही समजून घेण्यासारखे आहे. लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरने १८७६ मध्ये कवटी आणि जबड्याच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असे मांडले. ते पुढे टिकले नाही. विसाव्या शतकात शॉ आणि मॅके या अभ्यासकांनी शिकागोतील बालगुन्हेगारांचे पत्ते नकाशावर मांडले, तेव्हा असे दिसले की काही वस्त्यांतले प्रमाण वर्षानुवर्षे चढेच राहिले, जरी तिथे राहणारे स्थलांतरित समाज एकामागून एक बदलत गेले. दोष त्या त्या समाजाच्या रक्तात नव्हता, वस्तीच्या परिस्थितीत होता. परक्या देशात राहून स्थलांतरितांविषयी नाही नाही ते ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरात हे शिकलेले कोणी असणे मला तरी मोलाचे वाटते.

आता नोकरीविषयी. नुसत्या पदवीवर सुरुवातीचा पगार बहुधा बेताचाच असतो आणि वकिली किंवा मानसोपचार करायचा तर आणखी शिकावे लागते, हे तिला स्पष्ट सांगावे. विद्यापीठ निवडताना त्याच्या नावापेक्षा अभ्यासक्रमाचा तक्ता पाहावा: संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र सक्तीचे आहे का, प्रत्यक्ष संस्थेत काम करण्याची सोय आहे का. पोलिसांकडे कधीच न नोंदवलेले गुन्हे सर्वेक्षणातून कसे अजमावतात, हे ज्याला जमते त्याला सरकारी संशोधन विभाग, पीडितांना मदत करणाऱ्या संस्था, इतकेच काय, बँकांचे फसवणूक-प्रतिबंध विभागही विचारतात. “गणितापासून सुटका” म्हणून ती इकडे वळत असेल, तर मात्र तिची निराशा होईल.

आपल्या कुटुंबांच्या बाबतीत एक अडचण हमखास नजरेआड होते. पोलीस, तुरुंग आणि सुरक्षेशी संबंधित सरकारी पदांसाठी अनेक देशांत नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना आणि पूर्वचारित्र्याची पडताळणी लागते. तिचा व्हिसा आपल्यावर अवलंबून असेल, तर या अटी तिच्या आवडीच्या दोन-तीन पदांच्या जाहिरातींत आताच वाचून घ्याव्यात. प्रवेशाची फी त्यानंतर भरावी.