गाऊनच्या आत काय, आणि आप्पांच्या डोक्यावर काय?

मँचेस्टरहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर अमळनेरचं, सासर चोपड्याचं. लेकीचा पदवीदान समारंभ जुलैत आहे. लेकीला आजीची साडी नेसायची आहे. सासू-सासरे पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत, आणि घरात वाद पेटलाय तो आप्पांच्या टोपीवरून. यजमान म्हणतात, आप्पांना सूट शिवू, नाहीतर हॉलमध्ये टोपी काढायला लावतील. आप्पा म्हणतात, मग मी येतच नाही.

ताई, आप्पांना धोतर, सदरा आणि टोपीतच न्या. पाहुण्यांनी नीटनेटकं यावं एवढीच तिथे अपेक्षा असते, आणि ज्याचा त्याचा पारंपरिक पोशाख चालतो. शिखांची पगडी त्या सभागृहांना नवी नाही, तशी आपली पांढरी टोपीही खटकणार नाही. आपल्याकडे चारचौघांत म्हाताऱ्या माणसाची टोपी उतरवणं म्हणजे काय, हे तुमच्या यजमानांना मी सांगायला नको. नातीचं नाव पुकारलं जाईल तेव्हा आप्पा नव्या कोटात अवघडून बसलेले असावेत, की रोजच्यासारखे ताठ? काळजी करायचीच तर थंडीची करा. इकडे जळगावात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. तुमच्याकडे जुलैची दुपार विशीच्या आसपास, वर पाऊस. धोतराच्या आत गरम पायजमा, सदऱ्यावर लोकरी जाकीट, आणि बंद बूट. बूट आजच घ्यायला सांगा. महिनाभर शेतापर्यंत घालून गेले की सैल होतील. नवाकोरा जोड त्या दिवशी पायात चढवला तर दिवसभर टाच सोलेल.

आता लेकीचं. साडी जरूर नेसू द्या, फक्त गाऊनची, म्हणजे समारंभात वरून घालायच्या पदवीच्या झग्याची, घडण आधी समजून घ्या. इंग्लंडमध्ये गाऊनवर हूड नावाचं एक कापड घालतात. ते डोक्यावरून गळ्यात येतं आणि पाठीवर लोंबतं, त्याच्या आतल्या अस्तराच्या रंगावरून पदवी कळते. सगळं वजन मागे. म्हणून पुढच्या बाजूला दोरीचा एक छोटा फास असतो, तो शर्टाच्या बटणात अडकवायचा. ही सोय शर्टवाल्यांसाठी केलेली. साडीच्या ब्लाऊजला तिथे बटण नसतं, मग हूड घसरत घसरत गळ्याशी येतं आणि पोर फोटोभर मान आवळल्यासारखी दिसते.

माझ्या भाचीच्या समारंभाला हेच झालं. रांग आत सरकायला दहा मिनिटं, आणि तिचं हूड तिसऱ्यांदा मागे गेलेलं. बहिणीच्या सासूबाई एरंडोलच्या, नऊवारीतल्या. त्यांनी काही न बोलता हातातल्या बांगडीला अडकवलेल्या तीन पिना काढल्या. एक दातात धरली, दुसरीने फास ब्लाऊजच्या गळ्याशी आतून पकडला, उरलेल्या दोन्ही खांद्यांवर हूड गाऊनला टाचायला. "उभी ऱ्हाय, हालू नको," एवढंच म्हणाल्या. बाजूला उभी असलेली एक अनोळखी मुलगीही गुपचूप त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचंही हूड घसरत होतं.

तेव्हा ब्लाऊज शिवतानाच शिंप्याकडून गळ्याच्या मध्यावर एक बारीक बटण लावून घ्या. बंद गळ्याचं ब्लाऊज असेल तर उत्तमच. पदराच्या निऱ्या अगदी अरुंद घालून खांद्यावर पक्क्या पिनअप करा आणि पदर आखूड ठेवा, नाहीतर गाऊनखाली डावा खांदा फुगतो आणि पायऱ्यांवर पदर पायात येतो. बूट-चपला आधी घालून मग साडी नेसायची, म्हणजे उंची बरोबर बसते. टाच कमी आणि रुंद. स्टेजवर चढा, हस्तांदोलन करा, उतरा, सगळं मिनिटभरात आटपायचं असतं. केस मानेवर, खाली बांधलेले हवेत. उंच अंबाड्यावर ती चौकोनी टोपी बसतच नाही. मुलगा असेल तर बंद गळ्याचा कुर्ता चांगला, वरच्या बटणात फास आरामात अडकतो.

सगळीकडे एवढी मोकळीक नसते, हेही सांगून ठेवते. ऑक्सफर्डमध्ये पदवी घेणाऱ्यांना सबफस्क नावाचा ठरलेला पोशाख असतो : गडद सूट किंवा स्कर्ट, पांढरा शर्ट, गळ्याशी टाय, बो किंवा काळी रिबन. तिथे रंगीत साडी चालेल असं धरून चालू नका, कॉलेजला आधी विचारा.

अमेरिकेतल्या वाचकांचं गणित वेगळं. तिकडे गाऊन बहुधा विकतच घेतात, तो पाकिटात चुरगळून येतो. पॉलिएस्टरवर तापलेली इस्त्री ठेवू नका, वाफेवर धरा. समारंभ पुष्कळदा मैदानात असतो, गवतात टोकदार टाच रुतते. स्टेडियम असेल तर पारदर्शक पिशवीच आत नेऊ देतात, अशा वेळी आजीची बटव्यासकट मोठी पर्स बाहेर राहते.

आईने काय नेसावं हे तुम्ही विचारलंच नाहीत, पण सांगते. पैठणी काढा. तुमच्या अंगावर गाऊन नाही, पदर मिरवायचा हक्क तुमचाच. फक्त बरोबर शाल आणि पाऊस झेलणारा लांब कोट ठेवा, फोटो बाहेरच काढतात. सासूबाई जळगावच्या सराफाकडचं सोनं घालून येणार असतील तर पावत्या जवळ ठेवायला सांगा. भारतातून निघताना विमानतळावर कस्टम्सकडून त्या दागिन्यांचं प्रमाणपत्र घेता येतं. परतताना ते दाखवलं की प्रश्न मिटतो.

गाऊन भाड्याने घ्यायचा तर उंची आणि डोक्याचा घेर, दोन्ही मापं लागतात. टेप भुवयांच्या दोन बोटं वर, कानांच्या जरा वरून मागे न्यायची. टोपी तिथेच बसते. नोंदणीची मुदत समारंभाच्या कितीतरी आधी संपते, म्हणून आज संध्याकाळी लेक घरी आली की टेप हातात घ्या.