प्रश्न तुमचे : व्हॉल्टची उडी टेबलाआधीच ठरते

प्रश्न : जिम्नॅस्टिक्समधल्या व्हॉल्टला (धावत येऊन, स्प्रिंगबोर्ड या उसळत्या फळीवरून उडून, ‘टेबल’ या उंच साधनावर हात टेकत पलीकडे जायची उडी) शाळेतल्या दहा-बारा वर्षांच्या मुली छान धावतात, पण स्प्रिंगबोर्डजवळ आल्या की पावलं तोकडी होतात. एखादी तर थांबूनच जाते. काय करावं? (क्रीडाशिक्षिका, अमळनेर)

उत्तर : ताई, आधी प्रत्येकीची धाव मोजा. रोज वेगळ्या जागेवरून पळणाऱ्या मुलीचं पाऊल बोर्डावर नीट पडणार नाही आणि दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा ती घाबरणारच.

बोर्ड-टेबल बाजूला ठेवून मैदानावर रेघ मारा. मुलीने दरवेळी तोच पाय पुढे ठेवून सुरुवात करावी, बारा पावलं पूर्ण वेगाने पळावं आणि हर्डल घ्यावा, म्हणजे एका पायावरून उडून दोन्ही पाय जुळवून टेकावेत. ते जिथे टेकतील तिथे खडूने खूण करा. असं पाच वेळा करा. सर्वांत जवळची आणि सर्वांत लांबची खूण सोडून उरलेल्या तिन्हींची सरासरी काढा. या वयात ती साधारण १५ मीटरच्या आसपास येते. नियमाने कमाल २५ मीटर चालतात, पण लहान मुली तेवढ्या लांबून आल्या तर दमून पोचतात. मग बोर्डावर जिथे पाय पडायला हवेत तिथून मागे तेवढंच अंतर मोजून धावपट्टीशेजारी चिकटपट्टी लावा. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजा, कारण मुली उंच होत असतात.

हर्डल लांब आणि सखल हवा. उंच उडून बोर्डावर आदळलं की पुढचा वेग तिथेच मरतो. चवडे बोर्डाच्या पुढच्या तिसऱ्या भागात, कमरेच्या किंचित पुढे टेकावेत. बोर्डावर पाय जेमतेम सेकंदाचा दहावा भाग असतात. तेवढ्यात गुडघे वाकले तर बोर्डाची उसळी गुडघ्यांतच विरते. नजर शेवटच्या पावलापर्यंत बोर्डावर, मग टेबलावर.

प्रश्न : माझी मुलगी हँडस्प्रिंग (टेबलावर हात टेकून, उलटं होऊन पलीकडे पायांवर उतरायची उडी) करून उभी राहिली, पडली नाही, तरी जवळजवळ एक पूर्ण गुण कापला गेला. हे कसं? (पालक, धुळे)

उत्तर : अंमलबजावणीचे, म्हणजे उडी किती नीट केली याचे, गुण १० पासून खाली मोजतात. लहान चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५ आणि पडल्यास १.०. समजा पहिल्या उड्डाणात, म्हणजे बोर्डापासून टेबलापर्यंत, कंबर वाकली (०.३), टेबलावर कोपर दुमडले (०.३), दुसऱ्या उड्डाणाला, म्हणजे टेबलावरून उतरेपर्यंत, उंची कमी पडली (०.३) आणि उतरताना एक छोटं पाऊल सरकलं (०.१). झाला एक गुण पूर्ण, म्हणजे पडल्याइतकाच.

मात्र यातल्या पहिल्या तीन वजावटींचं मूळ बहुधा एकच असतं. बोर्ड सुटल्यावर टाचा वेगाने वर येत नाहीत. मग कंबर वाकते, खांदे हातांच्या पुढे जातात, कोपर दुमडतात आणि टेबल ढकलायला बळच उरत नाही. तेव्हा नुसत्या कोपरांवर मेहनत घेऊन उपयोग नाही. प्रशिक्षकांना हा सराव सुचवा : बोर्डापुढे मुलीच्या कमरेइतकी गाद्यांची रास, त्यावर हात टेकून उलटं उभं राहायचं आणि ताठ अंगाने पलीकडे पाठीवर पडायचं. अंग ताठ असेल तर ‘थप्प’ असा एकच आवाज येतो. आधी पाठीचा आणि मग टाचांचा असे दोन आवाज आले, की कंबर मोडली समजा. जोडीला भिंतीशी हातांवर उभं राहून, कोपर न वाकवता नुसते खांदे कानांकडे उचलायचे. दहा-दहाचे तीन फेरे.

मल्लखांबावरून आलेल्या मुलांकडे इथे खास लक्ष द्यावं. पकड आणि हिंमत त्यांच्याकडे भरपूर असते, पण हाताला ओढून धरायची सवय असते. व्हॉल्टला हात ताठ ठेवून ढकलायचं असतं.

प्रश्न : जिल्हा स्पर्धेत प्रथमच पंच म्हणून बसणार आहे. इतक्या वेगात बघायचं कुठे? (नवोदित पंच, जळगाव)

उत्तर : धावेच्या शैलीला वजावट नाही, म्हणून धावणारीमागे नजर फिरवू नका, ती आधीच बोर्ड-टेबलावर ठेवा. क्रमाने कंबर-गुडघे, कोपर-खांदे, टेबलावरची उंची आणि शेवटी पावलं पाहा. प्रत्येकासाठी एक खूण ठरवा आणि कागदाकडे न बघता लिहायचा सराव करा. महिलांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत धावून बोर्ड किंवा टेबलाला न शिवता थांबल्यास १.० वजा होतो आणि पुन्हा धावता येतं. शिवून थांबल्यास शून्य. उडीत प्रशिक्षकाने हात लावला तरी शून्यच. लहान गटांना सवलती असतात, त्यासाठी परिपत्रक वाचा.

स्पर्धेआधी टेबलाची उंची स्वतः टेपने मोजा. महिलांसाठी ती १२५ सेंमी, पुरुषांसाठी १३५. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या वैयक्तिक सर्वसाधारण (सगळ्या साधनांवरचे गुण एकत्र धरणाऱ्या) अंतिम फेरीत घोडा, म्हणजे टेबलाआधी वापरात असलेलं व्हॉल्टचं साधन, ५ सेंमी खाली लावला गेला होता. जगातल्या निवडक मुली त्यावर कोसळल्या, मग कुठे ते लक्षात आलं.

प्रश्न : बारा वर्षांची मुलगी दीपा कर्माकरचा प्रोदुनोव्हा शिकू शकेल का? (शहादा)

उत्तर : नाही. हँडस्प्रिंगनंतर हवेत दोन पुढच्या कोलांट्या असलेली ही उडी आहे. ती चुकली तर मान वाचत नाही. दीपाने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये १५.०६६ गुणांसह चौथा क्रमांक मिळवला, तो वर्षानुवर्षांच्या पायाभरणीवर. या वयात साधी हँडस्प्रिंग ताठ आणि उंच होऊ द्या.

प्रश्न : आमच्याकडे जुना लाकडी घोडा आहे, टेबल नाही. चालेल का? (भुसावळ)

उत्तर : हँडस्प्रिंगसाठी नको. २००१ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत घोड्याऐवजी टेबल आलं, ते हात टेकायला रुंद जागा मिळावी म्हणूनच. टेबल येईपर्यंत गाद्यांच्या राशीवरच शिकवा. आणि गाद्या उन्हात टाकू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात आतला फोम लवकर बसतो, वरचं रेक्झिन तडकतं. गादीच्या मधोमध गुडघा टेकवून भार द्या. खालची फरशी लागली तर ती गादी उतरण्याच्या जागेवरून लगेच काढा. सराव सकाळी नऊच्या आत संपवा, घामेजल्या तळव्यांना मॅग्नेशियमची (घाम शोषणारी) पांढरी पूड लावा आणि दर पाच-सहा उड्यांनंतर रेक्झिन कोरड्या फडक्याने पुसून घ्या.