रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत लांबतोय, एसएसडी घेऊ का?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो. नागपुरात धंतोलीला डायग्नोस्टिक सेंटर, उबंटूचा बॅकअप सर्व्हर, 4 टीबीच्या चार डिस्कचा सॉफ्टवेअर रेड 5, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचेल असा जोडलेला डिस्कसंच (अ‍ॅरे). त्यातल्या दोन डिस्क यंदा सीताबर्डीच्या बाजारातून आणून बदलल्या. एक्स-रे आणि सीटीच्या फायली रोज रात्री आरसिंकने (फायली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने) येतात. दोन तासांत आटपणारं काम आता सकाळी नऊपर्यंत चालतं, आणि डिस्कचा वेग मोजायला चालवलेली डीडी कमांड मात्र 1.2 जीबी प्रति सेकंद दाखवते.

एसएसडी आत्ताच घेऊ नका. डीडीचा तो आकडा रॅमचा आहे, डिस्कचा नाही. लिनक्स लिहिलेला डेटा आधी रॅममध्ये धरून ठेवतो आणि मागाहून डिस्कवर उतरवतो. एक फिरती डिस्क सलग लिहिताना सेकंदाला साधारण 150 ते 200 एमबी देते. चार डिस्कच्या रेड 5 मध्ये डेटा तीनच डिस्कइतका मावतो, म्हणजे 600 च्या वर जायचं कारणच नाही. चाचणी पुन्हा घ्या, पण ओफ्लॅगला डायरेक्ट द्या (म्हणजे रॅम मधे येणार नाही), ब्लॉक 1 एमबीचा आणि काउंट 8192 ठेवा. लिहायचं ते अ‍ॅरेवरच्या एका रिकाम्या फोल्डरमधल्या फाइलीत. तिथे चुकून थेट डिस्कचं नाव पडलं तर डेटा गेला.

पण खरं उत्तर मिळेल ते बॅकअप चालू असताना. रात्री डिस्कवरचं काम दाखवणारं आयओस्टॅट चालवा, एक्स आणि एम हे पर्याय लावून, 5 सेकंदांच्या अंतराने. पहिला रकाना-संच सोडून द्या, ती सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या संचांत चारही डिस्कच्या ओळी एकमेकींशी ताडून बघा. डब्ल्यू-अवेट म्हणजे एक लेखन पुरं व्हायला लागलेले मिलिसेकंद. तीन डिस्क 10-15 वर आणि एखादी 300 वर असेल, तर दोषी सापडली. रेड 5 मध्ये प्रत्येक लेखनाबरोबर पॅरिटीही (हरवलेला डेटा परत काढण्यासाठीचा हिशेब) लिहावी लागते, त्यामुळे सगळा अ‍ॅरे सर्वांत मंद डिस्कच्या चालीने चालतो.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय त्या दोन नव्या डिस्कवर आहे. डिस्कची माहिती देणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडला आय पर्याय देऊन मॉडेल नंबर काढा. डब्ल्यूडी40ईएफएएक्स किंवा एसटी4000डीएम004 निघाला, तर ती एसएमआर डिस्क आहे. अशा डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. डिस्क आधी नवा डेटा एका राखीव भागात झटपट घेते, म्हणून छोट्या चाचणीत ती चांगलीच वाटते. रात्रीच्या मोठ्या बॅकअपने तो भाग भरला की वेग एकदम कोसळतो. 2020 साली नॅसच्या (नेटवर्कवरच्या साठवण-पेटीच्या) डिस्कमध्येही एसएमआर असल्याचं उघड झालं, तेव्हापासून मॉडेलचा शेवटचा भाग बघूनच डिस्क घ्यायची. त्याच आकारात डब्ल्यूडी40ईएफआरएक्स किंवा एसटी4000व्हीएन008 या सीएमआर आहेत, म्हणजे त्यांचे ट्रॅक एकावर एक चढत नाहीत. दुकानदाराला ‘4 टीबी नॅसवाली द्या’ एवढंच सांगू नका, पूर्ण नंबर लिहून न्या.

मॉडेल ठीक असेल तर स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, तीन आकडे बघा. 197 म्हणजे वाचता न येणारे, निर्णयासाठी थांबलेले सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे). शून्याच्या वर असेल तर ती डिस्क बदलाच. 5 म्हणजे बदली दिलेले सेक्टर. तो वाढत असेल तर तेच. 199 हा बहुधा केबलचा दोष: आकडा कधी कमी होत नाही, म्हणून आज लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा बघा. वाढला तर साटा केबल बदला. आपल्याकडे मे महिन्यात बऱ्याच ठिकाणी सर्व्हरच्या खोलीतही कूलर लावतात. त्याची दमट, धुळीची हवा कनेक्टरवर बसते, म्हणून सर्व्हर कूलरच्या झोतात ठेवू नका. डिस्कचं तापमान 50 च्या वर राहत असेल तर आधी पंखे आणि जाळी साफ करा.

चारही डिस्क सारख्याच मंद असतील तर आधी /प्रोक/एमडीस्टॅट ही रेडची स्थिती दाखवणारी फाइल उघडा. तिथे चेक किंवा रिसिंक चालू दिसलं तर अर्धं उत्तर तेच. उबंटूत अ‍ॅरेची तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी सुरू होते आणि बॅकअपशी टक्कर घेते. ती बंद करू नका, फक्त वेळ हलवा.

तसं काही नसेल तर आयओस्टॅटमधलं डब्ल्यूएरेक-एसझेड, म्हणजे एका लेखनाचा सरासरी आकार, बघा. युटिल (डिस्क किती टक्के वेळ गुंतलेली) 100 च्या जवळ, वेग 1-2 एमबी आणि सरासरी लेखन 8-16 केबीचं असेल, तर डिस्क निरोगी आहे, काम तुकड्यातुकड्यांचं आहे. 7200 आरपीएमची डिस्क विखुरलेली कामं सेकंदाला शंभरच्या आसपासच करते. सीटीचा एक स्लाइस 512 गुणिले 512 पिक्सेलचा, म्हणजे सुमारे अर्धा एमबी, आणि एका तपासणीत असे शेकडो. आरसिंक काही कॉपी करण्याआधी प्रत्येक जुन्या फाइलीची तारीख आणि आकार बघतो, त्यामुळे फायली वाढल्या की हा वेळही वाढतच जातो. इथे रॅम वाढवण्याचा फायदा सर्वांत जास्त, आणि फायलींची ही माहिती रॅममध्ये जास्त वेळ राहावी म्हणून व्हीएफएस_कॅश_प्रेशर 100 वरून 50 वर आणा. आरसिंकला सी पर्याय लावलेला असेल तर काढा, तो दोन्हीकडची प्रत्येक फाइल पूर्ण वाचायला लावतो. अपडेटडीबी (फायली शोधण्यासाठी यादी बनवणारा प्रोग्राम) रोज बॅकअपचा फोल्डर चाळत असेल तर त्याच्या कॉन्फिग फाइलीत तो वगळा. रेडसाठी स्ट्राइप_कॅश_साइझ (लेखन जुळवायला रॅममध्ये ठेवलेली जागा) 256 वरून 8192 करा. चार डिस्कला 128 एमबी रॅम लागेल आणि रीबूटनंतर पुन्हा द्यावं लागेल.

युटिल 30 च्या खाली असेल तर डिस्कचा प्रश्नच नाही. ईथटूलने नेटवर्कचा वेग बघा. केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली की लिंक गुपचूप 100 एमबीपीएसवर येते. मग सेकंदाला 11 एमबीच मिळतात, आणि 200 जीबीला पाच तास लागतात.

एसएमआर डिस्क बदलायची ठरली तर एका वेळी एकच काढा. त्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि उरलेल्या डिस्कचा 197 शून्य आहे याची खात्री करा, कारण रिबिल्डमध्ये (नवी डिस्क भरताना) त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. 4 टीबीची सीएमआर डिस्क सर्व्हर मोकळा असेल तर सात-आठ तासांत भरते, म्हणून त्या रात्रीचा बॅकअप बंद ठेवा. दुसरी डिस्क एमडीस्टॅटमध्ये चारही यू (म्हणजे चारही डिस्क चालू) दिसल्यावरच हलवा.