विंडोज एक्सपीत पिंग आणि आयपीकॉन्फिग चालेनात, फॉरमॅट मारावा लागेल का?

अजिबात नको. इंटरनेट चालू आहे, पण काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) पिंग, म्हणजे दुसरा संगणक उत्तर देतो का ते बघणारी कमांड, किंवा आयपीकॉन्फिग, म्हणजे आपल्या संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड, टाइप केलं की 'इज नॉट रेकग्नाइज्ड' असा संदेश येतो, असं तुम्ही म्हणता. म्हणजे नेटवर्कला काही झालेलं नाही. पिंगची फाइल जागेवर असणार, विंडोजला ती सापडत नाहीये एवढंच.

आधी पूर्ण पत्ता देऊन बघा: सी:\विंडोज\सिस्टम३२\पिंग.ईएक्सई (रोमन अक्षरांत टाइप करा). ती चालली, तर गडबड 'पाथ'मध्ये आहे. पाथ म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची याची यादी. डीआयआर, सीडी, एको या कमांड त्या खिडकीच्या पोटातल्याच, म्हणून त्या चालतात आणि आपण चकतो. एको %पाथ% दिलंत की यादी दिसेल.

आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर हेच झालं होतं. फॅट मशीनचं सॉफ्टवेअर टाकताना त्यानं पाथमध्ये भर घालायच्या ऐवजी जुनं सगळं पुसून फक्त स्वतःचं फोल्डर ठेवलं. सकाळचं दूध यायच्या आत संगणक उभा करायचा होता. दुरुस्ती दोन मिनिटांची: माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स. खालच्या सिस्टम व्हेरिएबल्समधलं पाथ उघडा, आहे तो मजकूर नोटपॅडमध्ये कॉपी करून ठेवा, मग त्याच्या सुरुवातीला %सिस्टमरूट%\सिस्टम३२;%सिस्टमरूट%; एवढं जोडा. अर्धविराम विसरू नका आणि त्याच्या आजूबाजूला स्पेस सोडू नका.

ओके केल्यावर काळी खिडकी बंद करून नवी उघडा. उघड्या खिडकीत जुनाच पाथ राहतो. मी नेमका तिथंच अर्धा तास अडकलो होतो.

नुसतं आयपीकॉन्फिग चालत नाही, पण पुढं .ईएक्सई लावलं की चालतं, असं असेल तर पाथ ठीक आहे, 'पाथएक्स्ट'मधून, म्हणजे नावापुढं कुठली शेपटी लावून फाइल शोधायची त्या यादीतून, .ईएक्सई गायब झालंय, ते परत घाला. आणि पिंग दिल्यावर तीच ओळ न थांबता उमटत राहिली, तर खिडकी ज्या फोल्डरात आहे तिथं कुणीतरी पिंग.बॅट नावाची, कमांड लिहून ठेवायची फाइल बनवलीय आणि तिच्यात पुन्हा पिंगच लिहिलंय. ती स्वतःलाच हाक मारत बसते. नाव बदला.

आयपीकॉन्फिग चालू झाल्यावर पुढं कधी नेट बंद पडलं आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही असं समजा. आधी केबल तपासा, मग नव्यानं पत्ता मागायला आयपीकॉन्फिग /रिन्यू द्या.